आक्काताईचं गुणगुणणं

मोठ्यांदा बोलू नगा पावणं, त्यानं काय फरक पडत न्हाय, नुसतं तोंड माझ्याकडं करून बोला, मला ओठावरनं सगळं कळतंय. मी मूळचा कोडोलीचा, जमीन एवढीशी आन् भावंडं लई, म्हणून मिसरूड फुटायच्या आत इचलकरंजीला यंत्रमागावर आलो. काय सांगू तुमाला, पहिल्या दिवशी शेडात पाय टाकला आन् वाटलं, डोक्यातच कुणीतरी माग चालू केलाय. तिथं कोण ओरडून बोलत न्हाय, ऐकूच येत न्हाय की, ओठ बगायचं आन् हातानं सांगायचं. अंगठा ओठाला लावला म्हंजे चहा, तळव्यावर तळवा थापला म्हंजे भाकरी, जेवायला चला, आन् मिशीवरनं बोट फिरवलं म्हंजे मालक आला. मालकाला मिशी नव्हती, त्येच्या बापाला होती, पण खूण तीच ऱ्हायली.

आक्काताई, म्हंजे आमची मंडळी, तिथंच कांड्या भरायला होती, मागाच्या धोट्यात सुताची कांडी लागती न्हवं, ती. लग्नाचं मी तिला तोंडानं कधी विचारलंच न्हाय बगा. लांबनंच कपाळाच्या दोन्ही बाजूंनी बोटं खाली ओढली, मुंडावळ्या. तिनं हातातली कांडी फेकून मारली. नेम तिचा चांगला होता आन् तरी लागली न्हाय, तवाच मी समजलो. पण शेडात सगळ्यांनाच ती भाषा येती, दिवस मावळायच्या आत तिच्या बापाच्या कानावर गेलं. बाप म्हणला, पोरगं कामसू हाय, दिली. लई चांगलं दिवस होतं ओ. आता ते शेडबी न्हाय, तिथं मोटारसायकलचं दुकान झालंय, मी तिथनं जाताना अजून पाय जरा थांबतोय.

कान हळूहळू गेलं. थोरली लेक रेखा कोल्हापुरात नर्स हाय, ती म्हणली, आबा, कानाला मशीन बसवूया. बसवली. वाढीव वॉरंटीबी घेतली, दुकानदार म्हणला, आता चिंता मिटली तुमची. घरी आलो तर आक्काताई शेगडीपाशी भिताडाकडं तोंड करून भाकऱ्या थापत बसलेली, आन् कायतरी आवाज येतोय. बारीक, गोड. मला आधी वाटलं शेजारचा रेडिओ. मग कळलं, हीच गुणगुणतीया. मी म्हणलं, आक्काताई, हे कवापास्नं?

लग्न झाल्यापास्नं की, म्हणली.

पावणं, मी परड्यात जाऊन रडलो. एवढा संसार झाला, पोरं झाली, आन् माझ्याकडं पाठ करून बसून ही रोज गात होती. घरी आलं तरी माझ्या कानात माग चालूच असायचा, मला काय ऐकू येतंय. शब्द त्या दिवशीबी लागलं न्हाईत, पाठमोरी होती न्हवं. विचारलं तर लाजली, म्हणली, आईचं हाय, तुमाला काय करायचंय.

आन् पाऊस संपायच्या आत मशीन बंद. कोल्हापूरला सर्व्हिस सेंटरला गेलतो, दुरुस्त करून दिली, परत बंद. परत गेलो. काचेच्या पलीकडं साहेब आन् एक बाई बोलत होती, साहेब म्हणला, म्हाताऱ्याला ती परत आलेली पुसून दे, त्याला काय कळतंय. मला ऐकू आलं न्हाय, दिसलं. मी म्हणलं, परत आलेली नगं, माझी मला द्या. दोघं एकमेकाकडं बगत ऱ्हायली, पण नियम काय बदलला न्हाय. साहेब म्हणला, तुमची कंपनीत गेली बाबा, वॉरंटीत हीच मिळती, रिफर्बिश्ड, नव्यासारखीच असती. नव्यासारखी म्हणं! मी म्हणलं, मग तुमची बायको द्या हिकडं, उद्या नव्यासारखी आणून देतो. बाई हसली, साहेब काय हसला न्हाय.

ती मशीन घालून बगितली तर नुसती शिट्टी, आन् आक्काताईचा आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत. ही माझी बायको न्हवंच, म्हणलं. कुणाच्या कानातनं निघाली असंल, त्या बिचाऱ्यानं तरी काय ऐकलं असंल. अजून दोन खेपा घातल्या, आता तीबी पिशवीत घालून ठेवलीया. रेखा म्हणती, तक्रार करू. कर बाई, तुला जमतंय तर कर.

मी लई कष्टी झालतो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी बगतो तर शेगडी भिताडापास्नं उचलून दुसऱ्या बाजूला मांडलेली, आन् आक्काताई माझ्याकडं तोंड करून भाकऱ्या थापतीया. ओठ हलत होतं. समदं गाणं वाचलं मी, पहिल्यांदा. माहेराच्या वाटेवरची एक बाभळ हाय त्यात, तिच्या सावलीत आई थांबलीया. चाल तेवढी कंपनीकडं ऱ्हायली, ऱ्हाऊ दे, त्यांचंबी भलं होवो.

ती बगा, तळव्यावर तळवा थापतीया. दोनदा थापला, म्हंजे तुमीबी हाय. उठा पावणं, हात धुवा.