पाव किलो बियाणं

हसणार असाल तर आधी चहा संपवा, मग सांगतो.

मी पीएचडीला तिकडे उत्तरेतल्या विद्यापीठात गेलो, तेव्हा विषय घेतला खाऱ्या जमिनीतला भात. धरमतरच्या खाडीला लागून आमचंच शेत, म्हटल्यावर बियाणं दुसरीकडून कशाला आणायचं? आईला फोन केला, "प्रयोगाला पाहिजे, आपलं लाल बियाणं पाव किलो पाठव."

पेणहून पार्सल आलं ते पाच किलोचं. गाईड मॅडमनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर फोडलं. आत गिरणीतून भरडून आणलेले लाल तांदूळ आणि तळाशी सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक सुकटीची पिशवी. लॅबभर वास!

मॅडम म्हणाल्या, "अरे, हे तर शिजवायचे तांदूळ. यातून रोप कसं येणार?"

मी तापलो. तिथूनच फोन लावला. "आई, जन्म शेतीत गेला तुझा. बियाणं कळत नाय तुला?"

"कळतं रे बाला. पण पाव किलोत कुणाचं शेत पेरून व्हतं? मी म्हटलं, पोरगं घरच्या जेवणाला आसुसलंय नि सांगायला लाजतंय."

मी फोन ठेवला. प्रयोग महिनाभर लांबला. ते तांदूळ मात्र हॉस्टेलवर पुरवून पुरवून खाल्ले.

दुसऱ्या खेपेला आईनं मोजून पाव किलो बियाणंच पाठवलं. दाणा न् दाणा उगवला, मॅडम खूश.

पण खरं सांगू? ते पार्सल फोडताना मी पार तळापर्यंत हात घालून बघितला होता.