नुसत्या द्रावकाची रेघ

—मॅडम नको गं, ताई म्हण, मॅडम म्हटलं की मागे कोण आलं म्हणून वळून बघते मी. आधी चष्मा घाल. अंगठी काढ, या टेबलावर चकाकणारं काही नको. हं. तर लेझरचा हा पहिला झोत — रेणूला गदागदा हलवून जागं करतो. दुसरा मागून येतो आणि बघतो, गडी कसा थरथरतोय. मधलं अंतर वाढवायला हा आरसा सरकतो, केसभर, केसभर — नाही, डोळ्यांना काय दिसणार, पडद्यावर रेघ येते तेवढीच. रेघेवर लाट दिसली की समजायचं, ती थरथर. आमच्या रंगाच्या रेणूत अशी एक लाट सापडलीय, आधी कुणी न पाहिलेली — सर आज परिषदेत तेच सांगणार आहेत, दुपारी भाषण. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच काम, म्हणून सांगते, बढाई नाही. बरं, थोडी आहे.

आता ही कुपी. यात रंग नाही, रंग ज्यात विरघळवतो ते नुसतं द्रावक. हे घालून बघायचंच, म्हणजे लाट रंगाचीच आहे, द्रावकाची नाही, हे कळतं. रेघ सपाट यायला हवी. कर सुरू. बघ, कशी सप— थांब. पुन्हा लाव. कुपी नीट धुतली होतीस ना? — हो, मीच धुतली होती. नवी घे. अगं... तीच लाट. तीच.

'तुम्ही तेव्हा हे पाहिलं नव्हतं का, ताई?' तू विचारलं नाहीस, पण चेहरा विचारतोय. नव्हतं पाहिलं. लेकीला ताप होता, पाळणाघरातून सारखे फोन, लहान मूल असलं की जीव कसा टांगणीला — छे, काय बोलतेय मी. ताप नव्हता. फोनही नव्हता. ती तिकडे ढाराढूर झोपली होती आणि मी इथे, याच स्टुलावर, त्या लाटेकडे बघत बसले होते. इतकी देखणी आली होती — कुपी बदलायला हातच धजेना. 'हिचं लक्ष घरी' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती ना! सरांनी विचारलं, नुसतं द्रावक पाहिलंस ना? मी मान हलवली. तोंडानं 'हो' म्हटलं नाही हं, नुसती मान — जशी काही मान वेगळी नि मी वेगळी.

ही रेघ पुसता येते, माहितेय? एक बटण. तू काही पाहिलं नाहीस, मी काही — अशी बघू नकोस गं. सेव्ह कर. तूच कर, माझ्या हाताचा भरवसा नाही. आणि तो फोन दे इकडे.

हॅलो, सर? हो, मीच. नाही, नाही, लेक बरी आहे. तिचं काहीच नाही यात — तू बाहेर जा बघू जरा. दार ओढून घे.