परडी आणि पहारा

विघ्ने दूर करणाऱ्या श्रीगजाननाची कृपा या सभेवर असो. वाग्देवता शारदा घटकाभर माझ्या जिभेवर येऊन बसो, आणि जे बोलू नये ते तिथल्या तिथे अडवून धरो.

सन्माननीय अध्यक्ष वसंतराव, विद्यार्थी-विनिमय संस्थेच्या येथील प्रमुख प्रतिमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे सभासद बंधुभगिनींनो, मागच्या रांगेत मोबाइलकडे पाहत माझे भाषण ऐकणाऱ्या बालमित्रांनो, आणि आजची सत्कारमूर्ती कुमारी त्याशा,

वसंतरावांनी सारी नोकरी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात घालवली. अशा माणसाने परवा फोन करून मला सांगितले, "शास्त्रीजी, पोरगी चालली. दोन गोड शब्द बोला." मला तत्काळ संशय आला. गोड बोलणारी माणसे या मंडळात भरपूर आहेत. मग मीच का? ते म्हणाले, "तुमच्या घरी वर्षभर राहिली ना." मी म्हणालो, "राहिली. पण मी ठेवून घेतली नव्हती." ते म्हणाले, "मग तेच सांगा."

तेव्हा तेच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा अनिरुद्ध इस्पितळातल्या नोकरीवरून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा, स्लोव्हेनियाहून एक मुलगी आपल्याकडे राहायला येतेय. अनुयाच्या वर्गात शिकेल." अनुया ही माझी नात, वय वर्षे सोळा. हा देश कुठे आहे ते मी नकाशात पाहून घेतले, आणि मग विचारले, "सोळा वर्षांच्या मुलीला तिचे आईबाप इतक्या दूर का पाठवतात? काय लपवायचे आहे?" अनिरुद्ध म्हणाला, "काही नाही, बाबा. जग बघायला." जग बघायला निघालेली मुलगी या शहरात, मानसरोवर कॉलनीतल्या आमच्या घरी कशी पोहोचते, हेही मला पटण्यासारखे नव्हते.

ती आली. पायांना हात लावून नमस्कार केला. इतका बिनचूक नमस्कार कुणीतरी पढवल्याशिवाय येत नाही, हे मी मनात टिपून ठेवले.

आता मुख्य गोष्ट. माझी पूजा सकाळी असते. अंगणात जास्वंद, तगर, मोगरा आणि कुंपणाशी एक प्राजक्त आहे. फुले काढण्याचे काम अनुयाचे. पण शाळेची बस, क्लास, परीक्षा या कारणांनी तिच्या हातून परडी केव्हाच सुटली होती. एके दिवशी पाहतो, तर परडी त्या नव्या मुलीच्या हातात. दिली कोणी? आमच्या सौभाग्यवती प्रभाबाईंनी. मला न विचारता.

सभेतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, तरुणांसाठी सांगतो. वास घेतलेले फूल देवाला चालत नाही. ते आपण आधी भोगलेले असते. उष्टे पान पाहुण्यापुढे मांडावे तसे ते होते. आणि फूल हाती आले की नाकाशी नेणे ही तर माणसाची उपजत सवय. ज्यांच्याकडे हा नियमच नाही, तिथून आलेल्या मुलीने ती कशी आवरावी? मला सांगा, मी संशय घेतला यात वावगे काय होते?

मी खिडकीशी जपाला बसू लागलो. पूर्वी मी देवघरात बसत असे. खिडकीतून अंगण दिसते. मुलगी फुले काढायला येई, आणि आली की खिडकीकडे पाठ करी. रोज. कुणी फुले काढताना घराकडे पाठ का करील? मधूनच ती खाली वाके, मान झुके, कोपर वर येई. जपाची माळ माझ्या हातात तशीच थांबे. एके सकाळी ती जराशी वळली आणि मला स्वच्छ दिसले. मोगरा तिच्या नाकाशी होता. डोळे मिटलेले होते.

त्या दिवसापासून मी तिची फुले देवाला वाहिली नाहीत. परडी घ्यायचो, देवघराचे दार लोटायचो, अक्षता आणि तुळशीपत्र यांवर पूजा उरकायचो आणि फुले नंतर हळूच मागच्या बाजूच्या आळ्यात टाकायचो. कुणाला काही बोललो नाही. तोंडाने आरोप केला नाही की माणूस आपल्याला सभ्य समजतो.

पण ती मुलगी संध्याकाळी दिव्याच्या वेळी देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहत असे. तिला देव दिसत होते आणि देवांवर फुले दिसत नव्हती. हे मला अनुयाने सांगितले, आणि तेही रागाने. इकडे हिंदी मुलखात वाढलेल्या आमच्या अनुयाचे मराठी ती रागावली की हिंदीत शिरते.

"आजोबा, ती मला विचारते की तुमचे देव तिची फुलं का घेत नाहीत. मतलब, मी काय सांगू तिला?"

"तिलाच विचार, ती फुलांचं काय करते."

"तुम्ही तिला चोर समजता?"

"मी काहीच समजत नाही. मी पाहतो."

"दिवसभर खिडकीत बसून? कॉलनीचा गार्डभैया पण इतकं बघत नाही."

त्याच दिवशी मी अनिरुद्धला सांगितले की मुलीसाठी दुसरे घर शोधा. संस्थेच्या नियमात तशी सोय आहे, हे मी आधीच माहीत करून घेतले होते. अनिरुद्ध पुष्कळ बोलला. मी जेवणाच्या ताटावरून उठलो. प्रतिमाताईंना बोलवावे लागले. शहराच्या दुसऱ्या भागात, झोटवाड्याकडे, एक कुटुंब तयार होते. मुलीने बॅग भरायला घेतली. रडली नाही, हे मला सांगण्यात आले. मला त्याचाही संशय आला.

प्रतिमाताई, तुम्ही हसता आहात. त्या सकाळी तुम्ही हसत नव्हता. ओसरीत बसून तुम्ही मला विचारले, "नेमकी तक्रार काय?" मी ती सांगितली. तुम्ही ती मुलीला इंग्रजीत सांगितली. मुलीने सगळे ऐकून घेतले, परडी उचलली आणि मराठीत एवढेच म्हणाली, "चला. दाखवते."

आम्ही सारे अंगणात गेलो. दिवस आश्विनाचे, प्राजक्ताचा सडा पडलेला, मोगरा संपत आलेला. तिने तगरीची फुले देठाशी धरून काढली, हात लांब ठेवून. मग मोगऱ्याची झाडावरची फुले परडीत टाकली. झाडाखाली एक मोगरा पडला होता. तो तिने उचलला, नाकाशी नेला, आणि कुर्त्याच्या खिशात ठेवला. मग कुंपणाशी जाऊन प्राजक्ताची फुले जमिनीवरून वेचली. त्यांतले एकही नाकाशी नेले नाही. सगळी परडीत.

"पडलेलं माझं," ती म्हणाली. "झाडावरचं देवाचं. फक्त हे पडलेलं पण देवाचं. आजींनी सांगितलं."

प्राजक्त तेवढा जमिनीवरून उचललेला चालतो, हा अपवाद या सभागृहातल्या किती घरी पाळला जातो, हे मी विचारणार नाही. उत्तर ऐकून मला त्रास होईल.

मी प्रभाबाईंकडे वळलो. "हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही खिडकीत होता."

"आणि ती पाठ का करते?"

"अहो, तुम्ही जपाला बसता ना. जप करणाऱ्याकडे टक लावून बघू नये, असं मीच तिला सांगितलं. म्हणून ती पाठ करते."

सज्जनहो, आता आपल्याला वाटेल की म्हाताऱ्याचा संशय फिटला. तसे झाले नाही. मी प्रतिमाताईंना म्हणालो, "चौकशीच्या दिवशी कोणीही नियम पाळील. रोजचे काय?" प्रतिमाताईंनी कपाळाला हात लावला. पण ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, मग तुम्ही रोज या. माझ्याजवळ उभे राहा. बघा. मला चालतं."

आव्हान होते. मी स्वीकारले. बॅग रिकामी झाली.

दुसऱ्या सकाळपासून मी पहाऱ्याला उभा राहू लागलो. नुसते उभे राहून पाय दुखतात, म्हणून परडी धरू लागलो. उंच फांदी तिच्या हाताला सहज येते, माझ्या हाताला येत नाही. तेव्हा खालची फुले मी आणि वरची तिने, अशी वाटणी झाली. नुसते गप्प उभे राहणाऱ्याला डुलकी लागते, म्हणून तिच्याकडून फुलांची संस्कृत नावे म्हणवून घेऊ लागलो. जाई, कण्हेर, शेवंती असे बहर येत गेले, ऋतू पालटले. संक्रांतीला सारे शहर गच्चीवर पतंगांत होते, आणि जास्वंदीत अडकलेला मांजा हीच सोडवत होती, कळी तुटू नये म्हणून. वानरे आली की मी काठी आपटायचो आणि ती परडी पोटाशी धरून पळायची. याला प्रभाबाई दुसरेच काही म्हणतात. मी पहाराच म्हणतो.

एकदा, याच उन्हाळ्यात, मोगरा पुन्हा फुलल्यावर मी विचारले, "पडलेल्या फुलाचा रोज काय वास घ्यायचा? कालचाच तर असतो." ती म्हणाली, "घरी गेल्यावर लागेल. फोटोत वास येत नाही ना, आजोबा." तिच्या आजीच्या दारात उन्हाळ्यात फुलणारे एक झाड आहे म्हणे, मधासारख्या वासाचे. इथे आली तेव्हा तो वास तिला नीट आठवेना, आणि त्याचे तिला फार वाईट वाटले होते. त्या दिवशी मी तिला पुढच्या फुलाचे संस्कृत नाव विचारले नाही.

उद्या दुपारी तिचे विमान आहे. सकाळची फुले ती काढणार आहे. परवाची कोण काढणार? अनुया म्हणते, "मी काढेन." माझा विश्वास नाही. त्याशा म्हणते, "मी परत येईन." त्यावरही नाही. या वयात सगळे परत येणार असतात. पण मला खोटे पाडण्याचे तिचे कसब मी एकदा पाहिले आहे, तेव्हा पुन्हा पाडले तर माझी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट मी मघापासून पाहतो आहे. सवय जात नाही. त्याशा, वसंतरावांनी सत्कार करताना तुला हा गुच्छ दिला. दुकानातला आहे, वर सुगंधी पाणी मारले असावे, आणि येईपर्यंत कुणाकुणाच्या नाकाखालून गेला असेल, सांगता येत नाही. पण तू तो लांब धरून बसली आहेस. एकदाही नाकाशी नेला नाहीस. उद्याच्या पूजेसाठी ठेवते आहेस ना? मला कळले आहे.

त्याशा, तो देवाचा नाही. पडलेलाही नाही. तो तुझा आहे. घे वास.

हां. असा.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहूनही घंटी वाजवली नाही, याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात अधिक-उणे काही गेले असेल, तर ते माझ्या वयाच्या पदरात टाकून मोठ्या मनाने क्षमा करावी. जे ऐकत आहेत, आणि पुढे हे कधी कोणाच्या वाचनात आले तर जे वाचतील, त्या सर्वांच्या दारी एक फुलझाड असो, त्याला बाराही मास बहर असो, आणि घरापासून दूर गेलेल्या प्रत्येक लेकराच्या खिशात त्या दारचे एक फूल असो.

शुभं भवतु.