साक्षीचा नारळ

नाही भाऊ, बसा. बैहरची गाडी इतक्यात येत नाही — आणि मला एक माणूस हवा आहे. कशाला? साक्षीला. आमच्या या खाणमाईपुढे नवस मनातल्या मनात चालत नाही. परक्याच्या कानावर पडेल असा बोलावा लागतो. नारळाशेजारी हा काळा दगड ठेवायचा. मँगनीज. हे मिसळलं की पोलाद कणखर होतं — रुळांचं, तसंच तोफगोळ्यांचंही. दगडाला त्यातला भेद कळत नाही. माणसाला कळावा, असं मी जन्मभर शाळेत शिकवलं.

नवस? माझ्या मुलाच्या, प्रेमलालच्या खाणीतल्या कामाचा. तेवढाच. — हसलात? माझी आजी रुख्माबाई इथेच उभी राहिली होती, दुसऱ्या महायुद्धात. आजोबा पहाटे प्रभातफेरीत झेंडा धरायचे आणि दिवसभर गोऱ्या सरकारच्या तोफांसाठी हाच दगड फोडायचे. देशात पोलादाचा कारखाना स्वदेशीच्या अभिमानातून उभा राहिला, हे खरं. पण त्याच्या भट्ट्या धगधगत्या ठेवल्या त्या राज्यकर्त्यांच्या लढायांनी. खाणीचा ठेकेदार खादीची टोपी घालून लढाईचाच माल पाठवी. आजीला टोपी नव्हती. ती मोठ्याने म्हणाली, "माय, लढाई थांबू नको देऊ." आजोबा संतापले — "इंग्रजाच्या लढाईसाठी नवस करतं व?" ती म्हणाली, "मंग तुमचा झेंडा शिजवून वाढू काय पोराइले?"

लढाई थांबली. खाण थांबली. त्याच पावसाळ्यात माझी धाकटी आत्या उपासाने गेली. मग स्वातंत्र्य आलं.

आजीचा नवस पाप होता, असं मी म्हणत आलो. अजूनही म्हणतो — हौ, अजूनही. पण आजचा ठेकेदार काय म्हणतो? दूरदेशी लढाई पेटली आहे म्हणून माल उचलला जातो. तिकडे तह झाला की ठेक्यावरची माणसं घरी. काल टीव्हीवर तहाची बोलणी दाखवत होते — सून मंजूने टीव्ही बंद केला. आज तिने ही पिशवी माझ्या हाती दिली. आत नारळ होता. दगडही होता. मी विचारलं नाही — मी, जो वर्गात प्रत्येकाला विचारायचो, काहून?

थांबा. हात जोडू द्या. — माय, माझ्या प्रेमलालचं काम राहू दे.

झालं. लढाईचं नाव मी घेतलं नाही. ऐकलंत ना — घेतलं नाही. असे पाहू नका. माईला कळलं आहे; तुम्हालाही कळलं आहे. गाडी आली — उठा. जा.