मुखवट्यामागं कोण

तुम्ही हसाल, पण नवीन चित्रकथा कुठली वाचू असं कुणी विचारलं की आजही माझी मान खाली जाते.

माझा चुलतभाऊ बाळूदादा पलटणीतून रजेवर कराडला आला होता. मुखवटा घालून आकाशात उडणाऱ्या एका वीराचे अंक त्याच्या भरतीआधी आम्ही जोडीनं वाचायचो. एस.टी.तून उतरल्या उतरल्या दादा म्हणाला, "लय दिस वाचायचं सुटलंय रं. आता कुठनं धरू?"

मी तयारच होतो. "जुनं सोड दादा. नवी मालिका लय भारी हाय. त्यो मुखवटावाला फौजदारच निघाला न्हवं, तवापासनं..."

दादा थांबला. "फौजदार?"

"व्हय. तुला ठावं न्हाई?"

"न्हाई. मी गेलो तवा त्यो अंक यायचा हुता. पहाऱ्यावर उभं ऱ्हायलं की त्योच इचार करायचो, कोण असंल म्हणून."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तरी दादानं माझ्याकडून तोच जुना अंक मागून घेतला आणि कट्ट्यावर बसून सावकाश वाचला. शेवटचं पान झाल्यावर माझ्याकडं बघून, डोळे मोठे करून म्हणाला, "आयला, फौजदार व्हय रं? मला वाटलंच न्हवतं गड्या."