कापू नका, दुमडा

— नाही नाही, झगा खांद्यात ठीक बसलाय मास्टर, खांद्याला हात लावू नका, तुम्ही खाली बघा. पाय दिसतायत का माझे? मलाच दिसत नाहीयेत! सकाळी चार्ज घेतल्यावर घालून बघितला तर दुसऱ्याच पावलाला अडखळलो — टेबलाचा कोपरा धरला म्हणून, नाहीतर नवे प्रेसिडेंट पहिल्याच दिवशी जमीनदोस्त. — हो, प्रेसिडेंटच म्हणायचं. कुलगुरू नाही. धर्मराजशेठना प्रेसिडेंट आवडतं, आणि युनिव्हर्सिटी त्यांची. न्हावाशेव्याला कंटेनर यार्ड आहे ना, तेच धर्मराजशेठ. — तर उद्या अकराला पदग्रहणाचा सोहळा, स्टेजला सात पायऱ्या, मी मोजून आलोय. ह्या झग्यात पाय अडकला तर चारशे मोबाइलांत व्हिडिओ! म्हणून म्हणतो, जरा मनावर घ्या. थांबा, मी ह्या टीपॉयवर चढतो, म्हणजे तुम्हाला वाकायला नको. तुमची पण पन्नाशी झालीच असेल की.

हात असे? आडवे? बरं. — एक सांगू, तुम्ही बाहेरचे म्हणून सांगतो, मी काही ह्या खुर्चीचा माणूस नाही. एकोणीस वर्षं इथे केमिस्ट्री शिकवली. डॉक्टर अरविंद ओगले म्हटलं की मुलं सांगतील — ओगले सर ना, ते नापास करत नाहीत. आमच्या मिसेस, मीना, पेढ्यांचा बॉक्स फोडायच्या आधी काय म्हणाल्या ठाऊक आहे? "सोसायटीचा वॉचमन ओरडला तरी तुम्ही सॉरी म्हणता. तुम्ही युनिव्हर्सिटी चालवणार?" मी म्हटलं, अगं, ती चालतेच आहे, आपण नुसतं बसायचं! — हसलो आम्ही. खूप हसलो. पण माझ्या मनात एक काम होतं, मास्टर. फार नाही, एकच. सुनयनाला कायम करायचं.

सुनयना म्हणजे — तुम्हाला कुठून माहीत असणार! सुनयना म्हात्रे, माझ्याच हाताखाली लॅब बघते. तळवली गावातली. चौदा वर्षं झाली. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर, एक महिना घरी, परत अकरा महिन्यांची. चौदा वेळा! आणि काम कसं? एकदा ॲसिडची बाटली फुटली, मी — मी दाराबाहेर होतो, खरं सांगतो, पहिला मी बाहेर पळालो — आणि ही आत, एकेका पोराला खांद्याला धरून बाहेर काढतेय. नंतर चार लोकांत म्हणाली, सरांनीच सगळ्यांना बाहेर बोलावलं. — सुकटीची चटणी आणते माझ्यासाठी. आमच्या घरात चालत नाही ना, म्हणून लॅबच्या कपाटात लपवून ठेवते, वर चिठ्ठी लावून — हात लावू नये. आज सकाळी तीच बरणी घेऊन इथे वर आली, सहाव्या मजल्यावर. ती बघा, फायलींच्या मागे. म्हणाली, "सर, आता तुमी हाय ना, मंग कनचा टेन्शन!" — एरवी शुद्ध बोलते हो. खुशीत आली की गावचं बोलते.

काही नाही, काही नाही, टोचली नाही टाचणी. — तर एक यादी निघालीय. नऊ जणांची यादी आहे, मास्टर. केमिस्ट्रीला मुलं येत नाहीत, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे, म्हणून नऊ जणांना नारळ. चौथं नाव तिचं. आता शेठ म्हणतील सही करा, तर मी साफ सांगणार, की शेठ, हे मला जमणार नाही. प्रेसिडेंट आहे मी. उद्या स्टेजवरून खाली उतरलो की त्यांना बाजूला घेणार आणि — नाही, स्टेजजवळ नको, जेवणाच्या वेळी. जेवताना ते जरा बऱ्या मूडमध्ये असतात. म्हणणार, शेठ, त्या कागदावर अजून तारीख टाकलेली नाही, तर —

कुठला कागद? — तोच. बंगल्यावर बोलावलं होतं गेल्या रविवारी. बेलापूरला. सोलकढी दिली. दोन कागद पुढे ठेवले, एक माझी नेमणूक, दुसरी ती यादी. एकाच फोल्डरमध्ये. "दोन्हीकडे सही करा सर, तारीख टाकू नका, ती आमची माणसं टाकतील." पेन त्यांचंच. मी यादी वाचली हो, वाचली नाही असं नाही. चौथ्या नावाशी थांबलो पण. त्यांनी विचारलं, आणखी थोडी सोलकढी? — मी घेतली. काय करणार होतो? मी नाही म्हटलं असतं तर दुसरा आणला असता, त्याने नऊचे तीस केले असते! आत राहून माणसाला काहीतरी करता येतं, बाहेर राहून काय? खरं की नाही? — तोंडात टाचण्या आहेत, हो, बरोबर आहे.

आता हे एवढं खालचं कापून टाका की. वीतभर तरी जास्त आहे. — का नाही? — ऑफिसने सांगितलं? काय सांगितलं? कापू नका, दुमडा? — आतून दाखवा बघू. उलटा करा. अरे! ही भोकांची रांग कसली? सुईची? आणि ही दुसरी? ... आणि ही वर. म्हणजे तीन वेळा उसवून — तुम्हीच केलं होतं तिन्ही वेळा? सहा वर्षांत? पहिले प्रेसिडेंट पंजाबी होते ना, सहा फूट, त्यांनाही थोडा दुमडूनच दिलात. मग ते नागपूरचे. मग बाई आल्या, त्या आठ महिने. — आणि आता माझ्या वेळी पक्की शिलाई पण नको? कच्चा टाका? बरोबर आहे. उसवायला सोपा. — नाही, रागावलो नाही. कापड महागाचं आहे, उगाच कशाला कापायचं. कोणीही हेच सांगितलं असतं.

जरा तो फोन द्या इकडे. दोनदा थरथरला. — ऑफिसातला सूरज आहे. "सर, नऊही लेटर्स हातोहात दिली. आजची तारीख टाकली. बेस्ट ऑफ लक फॉर टुमारो." — खाली फुलांचा इमोजी.

आज. मी उद्या जेवताना बोलणार होतो.

श्शू. — जिन्यात चप्पल वाजतेय. लिफ्ट असताना जिन्याने कोण येणार, तीच येते, तिला लिफ्टची भीती वाटते, एकदा अडकली होती ती. — थांबा, दार उघडू नका! हा काढा आधी माझ्या अंगातून. लवकर. — ओढू नका, टोचतंय! किती लावल्यात? पंचवीस? काढायला वेळ लागेल म्हणजे. — वाजवतेय. ऐकलंत? "सर" म्हणाली. ओरडली नाही. काहीतरी चूक झाली असेल, सर बघतील, असंच वाटत असेल तिला. लेटर हातात असेल, मागे त्या यादीची झेरॉक्स, त्यावर सही कुणाची आहे ते — ती माझी सही ओळखते, मास्टर. चौदा वर्षं तिच्या रजिस्टरवर तीच सही करतोय.

तुम्ही असं करा, थोडंसंच दार उघडा, आणि सांगा सर मीटिंगमध्ये आहेत. म्हणावं, उद्या... उद्या नको. पुढच्या आठवड्यात. आणि ती बरणी — नाही, बरणी राहू द्या. — माझ्याकडे काय बघताय? मला ह्या टीपॉयवरून खाली उतरता येत नाहीये, दिसत नाही का तुम्हाला? जा. जा तुम्ही, दार ओढून घ्या.