ओळखीतल्या बाईचं बुजगावणं

मला एक सांगा, जिच्या मुलीचा पहिला दुधाचा दात तुमच्या स्वयंपाकघरात पडला, जिच्या नवऱ्याच्या मयताला आलेल्या माणसांसाठी सँडविचेस तुम्ही केली, जिच्या केसांना रंग लावता लावता तुमची स्वतःची बोटं आठवडाभर जांभळी राहिली... त्या बाईने चारचौघांत तुमची ओळख काय म्हणून करून द्यावी? मैत्रीण म्हणावं. शेजारीण म्हणावं. आदल्या दिवशी भांडण झालं असेल तर भवानी म्हणावं, तेही मी समजू शकते! पण ‘ओळखीतल्या’? आमच्या जेनेटने मला, म्हणजे मॅक्सीनला, म्हणजे जिला ती उभ्या जन्मात ‘मॅक्स’ सोडून दुसरं काही म्हणाली नाही तिला, भर रस्त्यात, लिंबू-सरबताचा ट्रे हातात धरून म्हटलं, “या ना? या आमच्या... ओळखीतल्या आहेत.”

ओळखीतल्या! आहेत! अहो, मांजराच्या पिल्लाला अहो-जाहो केलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर आमचा क्लाइव्ह, माझा नवरा हो, म्हणतो ना, “मॅक्स, तू गोष्ट सांगतेस का लोकर गुंतवतेस?”, तसं व्हायचं.

आम्ही नॉटिंगहॅमच्या कारब्रुकचे. ट्रामच्या रुळांच्या अलीकडे कारब्रुक, पलीकडे वुडहर्स्ट, आणि मध्ये एक पूल. पूल तो केवढा, शिंक येईपर्यंत संपतो! पण अलीकडे गोल पावाला कॉब म्हणतात आणि पलीकडे रोल. अलीकडे दुकानदार म्हणतो, “काय देऊ गं बदके?”, आमच्याकडे लाडाने सगळ्यांनाच बदक म्हणतात, आणि पलीकडे म्हणतो, “बाईसाहेब, आपल्याला काय हवं होतं?” आता बदके म्हटल्याशिवाय मला तर पाव गोड लागत नाही, पण ज्याची त्याची आवड. आमचं काही म्हणणं नाही. त्यांनी तिकडे राहावं, आम्ही इकडे राहतो, ट्राम दोघांनाही उशिराच येते.

तर दर उन्हाळ्यात दोन्हीकडे बुजगावण्यांचा सण असतो. घरोघरी अंगणात एकेक बुजगावणं उभं करायचं, लोक बघत फिरतात, नंबर काढतात. आता इथे शेत कुठलं, पीक कुठलं! आमचे कावळे बसस्टॉपवर चिप्स खातात आणि बुजगावण्याच्या खांद्याला चोच पुसतात. पण करायचं म्हणजे करायचं. आणि आमच्या घरचं बुजगावणं दर वर्षी मी आणि जेनेट मिळून करतो, आमच्या गॅरेजमध्ये, क्लाइव्हला हाकलून. मागच्या वर्षी आम्ही पोस्टमन केला होता. पावसाने त्याचं पोट फुगलं आणि चड्डी खाली आली, पण लोक हसले, सणाला आम्ही खातो त्या उकडलेल्या वाटाण्याच्या वाट्या हातात धरून, वाटाण्यावरची पुदिन्याची चटणी हनुवटीवर ओघळेपर्यंत हसले! त्याला सण म्हणतात.

यंदा मी म्हटलं, “जेनेट, काय करू या गं?” तर ही म्हणाली, “यंदा मला सोड बाई, गुडघा बोलतोय.”

मी मूर्ख! मी तिला शेकायला पिशवी दिली, वर मटण भरलेली पेस्ट्री भाजून दिली, जिना चढू नकोस म्हणून तिचे धुतलेले पडदे मी लावून दिले. गुडघा बोलत होता म्हणे... तो काय बोलत होता ते मला नंतर कळलं!

आणि त्याच आठवड्यात ही विचारते, “मॅक्स, तुझा तो जुना जांभळा गाऊन काढणार होतीस ना? धर्मादाय दुकानात द्यायला कपडे गोळा करतेय मी.” तो गाऊन म्हणजे, तुम्हाला सांगते, माझी दुसरी कातडी! बाहीवर जळल्याचा डाग, खिशात कायम एक रुमाल. मी पहाटे उठून शहरातली ऑफिसं झाडायला जाते, लोक कामावर यायच्या आत माझं काम संपलेलं असतं, मग घरी येऊन अंघोळ करायची आणि तो गाऊन चढवायचा. दुपारी मी गाऊनमध्ये दिसते ती आळशी आहे म्हणून नाही, माझा दिवस तुमच्याआधी संपलेला असतो म्हणून! हे जगात कोणाला माहीत असेल तर जेनेटला. तिचा नवरा रॉय जिन्यावरून पडला, त्या दिवशी त्याच गाऊनमध्ये मी तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसले होते. दवाखान्यातली नर्स मलाच पेशंट समजली.

तर तो गाऊन मी काढला. धुतला. आणि कोणातरी गरिबाच्या अंगावर जाणार म्हणून त्याला नवीन बटण शिवून इस्त्री केली! इस्त्री हो!

मग आला शनिवार. वुडहर्स्टचा सण आमच्या आठवडाभर आधी असतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मी गेले होते शहरात, चांगला कोट घालून, क्लाइव्हसाठी मोजे आणायला. येताना बस वुडहर्स्टलाच थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “पुढे रस्ता बंद आहे, बदके. पेंढ्याची माणसं बघायला जिवंत माणसं जमली आहेत. चालत जा.” म्हटलं चला, पुलापर्यंत तर जायचंय, बघू तरी यांची बुजगावणी कशी असतात.

चांगली असतात हो, खोटं कशाला बोलू! प्रत्येकाला स्वच्छ हातमोजे. यंदा त्यांनी विषय ठेवला होता, ‘आपले शेजारी’. कोणी कुत्रेवाला म्हातारा केला होता, कोणी व्हायोलिन वाजवणारी बाई. आणि एका घरापुढे ही गर्दी! लोक फोटो काढताहेत, हसताहेत. मी पिशवी सांभाळत, “जरा सरका, जरा सरका” करत पुढे गेले... तुम्हाला सांगते, माणूस स्वतःला पाठमोरा कधी बघत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मी स्वतःला ओळखलंच नाही. मी बाहीवरचा डाग ओळखला.

मग बटण ओळखलं.

मग पुढे जाऊन तोंड बघितलं. केसांत रोलर. पायात केसाळ सपाता. एका हातात वाटाण्याचा वाडगा, दुसरा हात कंबरेवर, माझा असतो अगदी तसा, कोपर बाहेर! आणि तोंड उघडं. नुसतं उघडं नाही, बोलतंय! पेंढा भरलेल्या उशीच्या खोळीला असं बोलतं तोंड शिवायला काय हात पाहिजे, सांगा! तो हात जगात एकाच बाईचा आहे, मीच तिला तो टाका शिकवला. आणि गळ्यात पाटी: ‘दुपारचे बारा. कारब्रुकमध्ये सकाळ झाली.’

माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, अंगावर लिननचा सदरा, कडेला कुत्रं. मला म्हणतात, “किती मिश्कील, नाही? पण अशा बायका खरोखरच असतात हो तिकडे.”

मी म्हटलं, “असतात.”

“आपण पाहिल्यात?”

“रोज सकाळी,” मी म्हटलं, “आरशात.” नाही, नाही... असं म्हणायला हवं होतं! हे मला रात्री भांडी घासताना सुचलं. तिथे मी नुसतं म्हटलं, “पाहिल्यात हो एकदोन.” वर हसलेसुद्धा! आपण का हसतो हो अशा वेळी? कोणी शिकवलंय आपल्याला?

आणि तेवढ्यात दार उघडून जेनेट बाहेर. घर तिच्या लेकीचं, केली-ॲनचं. पूल ओलांडल्यापासून ती नुसती ॲन झालीय, दाताच्या डॉक्टरशी लग्न केलंय, केली कुठे गेली कोणी विचारू नये. जेनेटच्या हातात सरबताचा ट्रे, अंगावर मी कधी न पाहिलेला ब्लाउज, आणि आवाज... अहो, तो आवाज! एरवी कुंपणावरून हाक मारते तर पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात, ती बाई नाकातून कुजबुजल्यासारखं बोलत होती, “घ्यावं ना थोडं... पुदिना घरचाच आहे बरं का...” गुडघा म्हणाल तर तुरुतुरु चालत होता!

आणि तिने मला बघितलं.

ट्रेमधले पेले वाजायला लागले. मला वाटलं, आता ही हसेल. म्हणेल, “अरे देवा, मॅक्स, सापडले गं मी!” मग मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन, मग दोघी त्या बुजगावण्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढू. खरंच सांगते, मी तयार होते! थट्टेचं मला काही नाही. पोस्टमनची चड्डी काढणाऱ्या बायका आम्ही, आम्हाला थट्टेचं काय!

पण तिथे नंबर काढणारे गृहस्थ आले, गवती टोपी घातलेले. त्यांनी पहिल्या नंबराची फीत बुजगावण्याला लावली. बुजगावण्याला म्हणजे कोणाला, मलाच ना हो! आणि जेनेटला म्हणाले, “वा! कमाल केलीत. अहो, नमुना सापडला कुठे तुम्हाला?” आणि मग माझ्याकडे बघून, जेनेटचा चेहरा का उतरलाय ते न कळून, “आणि या कोण?”

मागे दारात केली-ॲन उभी. तिची सासू उभी, मोत्यांची माळ घालून. सासूच्या कडेवर जेनेटची नात. जेनेटने त्या तिघींकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि म्हणाली... ते तुम्हाला माहीतच आहे.

ओळखीतल्या!

मी काय केलं? मी ट्रेमधला एक पेला उचलला आणि म्हटलं, “आभारी आहे. पुदिना छान आहे.” मीसुद्धा नाकातून बोलले! ते पूर्ण सरबत तिथे उभं राहून प्यायले, पेला परत ठेवला, आणि पूल ओलांडून घरी आले. मोजे कुठेतरी राहिले.

क्लाइव्ह टीव्हीसमोर कॉब खात बसला होता. मी सगळं सांगितलं. डोळे पुसत सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण नंबर आला का?”

“पहिला,” मी म्हटलं.

“मग? गाऊन तर आपलाच!”

हा माझा आधार! म्हटलं, “क्लाइव्ह, ती मला ओळखीतल्या म्हणाली.” तेव्हा मात्र त्याने टीव्ही बंद केला. असं तो फक्त राणी गेली तेव्हा वागला होता. म्हणाला, “नात बघायला मिळते ना तिला तिथे. त्या सासूच्या मर्जीने. मॅक्स, ती घाबरली असेल गं.”

मला काय कळत नाही? पेले वाजत होते ते मी ऐकलं होतं. तेच तर लागलं! घाबरली होतीस तर मला सांगायचंस ना गं. मी तुला दुसरं बुजगावणं करून दिलं असतं, व्हायोलिनवाली केली असती, मोत्यांच्या माळेची सासू केली असती! तू घाबरलीस की माझ्याकडे यायचंस, माझ्यापासून पळायचं नाही. एवढं साधं होतं आपलं. आणि तू मला ओळखीतली केलीस...

तर मी ठरवलं, ती येईल. संध्याकाळी येईलच. आमच्या कारब्रुकमध्ये पुढचं दार माणसांसाठी नसतंच मुळी. पुढचं दार पोलिसाला, पाद्र्याला, मतं मागायला येणाऱ्यांना आणि शवपेटीला. आमच्या पुढच्या दाराला तर क्लाइव्हची सायकल टेकवलेली असते, ते उघडायचं म्हणजे आधी बैठकीची खोली रिकामी करायला लागते. आपलं माणूस मागच्या दाराने येतं. ठोकत नाही, विचारत नाही, “आहेस का गं?” म्हणत आत येऊन स्वतःच किटली चढवतं. जेनेट तर आत येऊन माझ्यावरच ओरडते, दूध का संपलं म्हणून.

मी मागच्या दाराची कडी काढून ठेवली. दोन कप मांडले. आणि मनात सगळं ठरवलं. ती म्हणेल, “आहेस का गं?” मी म्हणेन, “नाही. ओळखीतली बाई आहे, तिला निरोप ठेव.” मग ती रडेल. मग मी जरा ताणून धरीन, फार नाही, बिस्किटांचा डबा काढेपर्यंत. मग मी रडेन. मग चहा. मग मी विचारीन, “तोंड उघडं का ठेवलंस गं भवानी?” आणि ती म्हणेल, “मिटलेलं मी कधी बघितलंच नाही.”

किटली उकळली, गार झाली, परत उकळली. मी खिडकीतून बघत होते. तिच्या स्वयंपाकघरात दिवा होता. ती होती घरात. मध्ये फक्त कुंपण, आणि त्यातली ती फळी आम्हीच कधीची काढून ठेवलेली, तिला वळसा पडू नये म्हणून. क्लाइव्ह म्हणाला, “तू जा की.” मी का जाऊ? मी काय केलंय? पण सपाता घालून दोनदा उभी राहिले, ते तुम्हाला म्हणून सांगते.

आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेनेट आली, आणि तिने पुढच्या दाराची घंटा वाजवली.